कृष्णाकाठचा नट आणि हिंदी चित्रपट

महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली कृष्णा वाईवरून खालीं उतरते, माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला आपल्यांत सामावून घेते, आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा तिला येऊन मिळते. या काठानें महाराष्ट्राला शाहीर दिले, पहिलवान दिले, पत्री सरकारचे लढवय्ये दिले. त्याच काठानें नटही दिले. परंतु त्यांची हकीकत आपण सहसा एका ओळींत मांडून पाहात नाहीं. आजचें भाषण त्या हकीकतीसंबंधीं आहे.

तिचें प्रयोजनही सांगून टाकतों. आजही साताऱ्याहून किंवा सांगलीहून रात्रीं मुंबईस निघणाऱ्या गाडींत एखादा तरी तरुण असा असतो, कीं ज्याच्या पिशवींत दोन कपडे आणि स्वतःचीं कांहीं छायाचित्रें असतात, आणि मनांत हिंदी चित्रपटांत नांव कमावण्याची ईर्षा असते. त्याला निरोप देणारे वडील उघड कांहीं बोलत नाहींत. पण 'पोटाचें काय?' हा एकच प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेला असतो. हा प्रश्न क्षुद्र नव्हे. या काठावर तो प्रथम १८४३ च्या मागेंपुढें उत्पन्न झाला, आणि तेव्हांपासून प्रत्येक पिढीच्या नटाला त्याचें उत्तर स्वतःच्या आयुष्यानें द्यावें लागलें आहे. तीं उत्तरें कोणतीं, हें आपण क्रमानें पाहूं.

सन १८४२ मध्यें कर्नाटकांतील एक भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिनें आपले खेळ दाखविले. सांगलीचे अधिपति चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांना ते पाहून असें वाटलें, कीं असेंच, परंतु अधिक नीटनेटकें, कांहीं आपल्या भाषेंत व्हावें. त्यांनीं तें काम आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणावर सोंपविलें. पुढील वर्षीं, ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं, सांगलीस 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग झाला. सूत्रधारानें पदें म्हणावयाचीं आणि पात्रांनीं प्रसंग पाहून आयत्या वेळीं भाषणें करावयाचीं, अशी त्या खेळाची रीत होती. आज तो दिवस मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो.

येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. सन १८५१ मध्यें अप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. पदरीं नटांचा संच, सामान आणि कर्ज; उत्पन्न मात्र कांहीं नाहीं. तेव्हां भाव्यांनीं आपला खेळ गाड्यांवर घालून बाहेर काढला आणि पुण्यामुंबईकडे दौरे केले. मुंबईंत नाना भाषांचे लोक. त्यांच्यासाठीं त्यांनीं 'राजा गोपीचंद' हें आख्यान हिंदी भाषेंत रंगभूमीवर आणलें. म्हणजे हिंदी बोलपटाच्या जन्मापूर्वीं पाऊणशें वर्षें सांगलीच्या एका नाटकवाल्यानें हें ओळखलें होतें, कीं आश्रयदाता एक असतो तोंवर त्याची भाषा पुरते. पैसे देऊन येणारा प्रेक्षक हाच आश्रयदाता झाला, कीं त्याच्या भाषेंत बोलावें लागतें. कृष्णाकाठच्या नटानें हिंदीचा उंबरठा प्रथम ओलांडला तो कीर्तीच्या लोभानें नव्हे, पोटाच्या गरजेनें.

यानंतरचा काळ संगीत नाटकमंडळ्यांचा. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपुरचे; कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा जन्मही सांगलीचाच. नारायणराव राजहंस, ज्यांना आपण बालगंधर्व म्हणतों, त्यांनीं किर्लोस्कर मंडळींत शकुंतलेच्या वेषानें प्रथम पाऊल टाकलें तें १९०५ सालीं, मिरजेस. अशा मंडळीची रचना आपण लक्षांत घेतली पाहिजे, कारण तीच त्या काळीं नटाची शाळा होती. दहाबारा वर्षांचा मुलगा कंपनींत येई. त्याला अन्न, वस्त्र आणि बिऱ्हाडांत पथारीपुरती जागा मिळे. सकाळीं गाण्याची तालीम, दुपारीं नकला पाठ करणें, रात्रीं गर्दीतील एखादें काम. आणि हें वर्षानुवर्षें. ध्वनिक्षेपक नव्हते, शेवटच्या बांकावर बसलेल्या माणसाला शब्द ऐकूं गेला नाहीं तर तो तेथूनच ओरडून तसें सांगत असे. याहून कठोर परीक्षक नटाला मिळणें कठीण होतें, आणि ती परीक्षा त्याला दर प्रयोगास नव्यानें द्यावी लागे.

मग १९३१ साल उजाडलें. त्या वर्षीं १४ मार्चला मुंबईंत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट झळकला. त्याचे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील साहसी कामांसाठीं गाजलेले मराठी नट. परंतु त्यांची हिंदुस्थानी बोली कच्ची होती. म्हणून त्यांची भूमिकाच अशी बेतली गेली, कीं पुष्कळ वेळ तें पात्र भारलेल्या, गुंगीच्या अवस्थेंत असावें आणि त्याला फारसें बोलावें लागूं नये. देशांतील पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ अबोल राहिला, हा योगायोग हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. शरीर, धैर्य आणि प्रसिद्धि हीं तिन्ही असतांना केवळ भाषेसाठीं नटाला कशी माघार घ्यावी लागते, याचा तो पहिला आणि मोठा दाखला होय.

बोलपट आले आणि नाटकमंडळ्यांची कंबर खचली. कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें १९३२ मध्यें 'अयोध्येचा राजा' मराठींत आणि हिंदींत अशा दोन्ही भाषांत काढला, आणि दोन भाषांचा हा मार्ग सर्वांस दिसला. सांगलीस बळवंत संगीत मंडळी होती. मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनीं ती १९१८ मध्यें उभारली होती. दीनानाथांचें तेजस्वी गाणें आणि चिंतामणरावांचा गद्य अभिनय यांच्या बळावर तिनें वैभवाचे दिवस पाहिले; 'भावबंधन' नाटकांत दीनानाथांची लतिका आणि चिंतामणरावांचा घनश्याम यांनीं महाराष्ट्राला वेड लावलें होतें. अशा या मंडळीनें ठरविलें, कीं मुंबईला न जातां आपल्या गांवींच चित्रपट काढावा. बळवंत पिक्चर्स ही संस्था निघाली आणि १९३४ मध्यें 'कृष्णार्जुनयुद्ध' हा चित्रपट मराठी व हिंदी भाषांत तयार झाला.

हा उद्योग फसला. त्याचीं कारणें व्यक्तींच्या दोषांत शोधण्यापेक्षां धंद्याच्या स्वरूपांत शोधणें न्यायाचें होईल. नाटकाचें भांडवल म्हणजे माणसें आणि पडदे; एका गांवीं तोटा आला तर दुसऱ्या गांवीं तो भरून निघे. चित्रपटाचें भांडवल म्हणजे यंत्रें, फिल्म, रसायनें आणि वितरक. ते सारे मुंबईंत. पैसा एकदम घालावा लागतो आणि तो परत येण्यास उत्तर हिंदुस्थानांतील चित्रगृहें मिळावीं लागतात. सांगलींत गुण होता. पेढी आणि बाजार नव्हता. मंडळी मोडली. दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजीं पुण्यास निवर्तले तेव्हां त्यांचें वय अवघें एकेचाळीस वर्षांचें होतें. थोरली मुलगी लता तेव्हां बारा वर्षांची होती. त्याच वर्षीं 'पहिली मंगळागौर' या मराठी चित्रपटांत तिनें छोटें काम केलें, तें हौसेनें नव्हे; घर चालविण्यासाठीं. हिंदी चित्रपटाचें जें दार बापाला सांगलींत बसून उघडतां आलें नाहीं, तें मुलीनें मुंबईंत जाऊन उघडलें, आणि सांगलींत १९३३ मध्यें जन्मलेली तिची धाकटी बहीण आशा हिनेंही. पण दोघींनीं तें उघडलें तें मुद्रेनें नव्हे, कंठानें. चिंतामणराव कोल्हटकरांनीं आपल्या या सर्व प्रवासाचें 'बहुरूपी' नांवाचें आत्मचरित्र लिहिलें आणि त्यास १९५८ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. मंडळी गेली, तिची हकीकत तेवढी राहिली.

आतां साताऱ्याकडे वळूं. श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजीं सातारा येथें झाला. त्यांनीं पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षण घेतलें, कान, नाक व घसा यांचे ते शल्यविशारद झाले, परदेशांत अधिक अभ्यास केला, आणि पुण्यांत व पुढें आफ्रिकेंतील टांझानियांत व्यवसाय केला. नाटकाचा नाद विद्यार्थिदशेपासूनचा. पुण्यांत भालबा केळकर आदि मित्रांसह प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेंत त्यांनीं वर्षानुवर्षें कामें केलीं. दिवसा रोगी आणि संध्याकाळीं तालीम असा तो क्रम होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, म्हणजे १९६९ मध्यें, त्यांनीं वैद्यकी सोडली आणि वसंत कानेटकर यांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकानें व्यावसायिक रंगभूमीवर पूर्णवेळ प्रवेश केला. कानेटकर हे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. एका काठानें नट दिला आणि त्याच काठानें त्याला प्रवेशाचें नाटकही दिलें.

बेचाळीस हें नायक होण्याचें वय नव्हे. चांगला चालणारा व्यवसाय, समाजांत मान, घरची जबाबदारी, हें सारें तराजूच्या एका पारड्यांत होतें. दुसऱ्या पारड्यांत काय होतें? वीस वर्षांची तालीम होती. म्हणूनच त्या उडीला अविचार म्हणतां येत नाहीं. पुढील वर्षीं, २३ डिसेंबर १९७० रोजीं, कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट' नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेनें डॉक्टर लागूंचें नांव मराठी माणसाच्या घरोघरीं पोहोंचलें. म्हातारपणीं मुलांच्या दारीं उपेक्षित झालेल्या नटाची ती कथा. ती भूमिका करतांना नटाचें शरीर आणि मन दोन्ही पिळून निघत असत. सन १९७२ मध्यें व्ही. शांताराम यांनीं 'पिंजरा' काढला. तमाशाच्या नादीं लागून धुळीस मिळणारा आदर्श शिक्षक लागूंनीं त्यांत उभा केला, आणि पाठोपाठ त्या चित्रपटाची हिंदी आवृत्तिही निघाली. ज्या तमाशाला रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनीं लावण्या दिल्या, त्याच तमाशाच्या कथेनें कृष्णाकाठच्या या नटाला हिंदी पडद्याकडे नेलें.

पुढें हिंदी चित्रपटांत त्यांना कामांची वाण पडली नाहीं. भीमसेन यांच्या १९७७ च्या 'घरौंदा' मधील प्रौढ, एकाकी मालकाच्या भूमिकेसाठीं त्यांना सहायक अभिनेत्याचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटांत ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. मृणाल सेन यांच्या १९८९ च्या 'एक दिन अचानक' मध्यें, पावसांत घराबाहेर पडून पुन्हा न परतणारा प्राध्यापक त्यांनीं साकारला. परंतु हिंदी आणि मराठी मिळून शंभराहून अधिक चित्रपटांपैकीं कितींत त्यांच्या गुणाला शोभेल असें काम होतें? बहुतेक हिंदी चित्रपटांत ते कोणाचे तरी वडील, न्यायाधीश किंवा अधिकारी असत. दोन प्रवेश, चार वाक्यें, आणि हार घातलेली तसबीर. मराठी रंगभूमीचा नटसम्राट हिंदी पडद्यावर दिवाणखान्यांतील एक आदरणीय वस्तु होऊन बसला. त्यांनीं त्या कामांची लाज बाळगली नाहीं आणि त्यांचा डौलही मिरविला नाहीं. नाटक मात्र सोडलें नाहीं. स्वतःच्या 'रूपवेध' संस्थेमार्फत त्यांनीं नाटकें केलीं, रंगकर्मींसाठीं आपल्या मुलाच्या नांवें 'तन्वीर सन्मान' सुरू केला आणि 'लमाण' हें आत्मचरित्र लिहिलें. १७ डिसेंबर २०१९ रोजीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, ते पुण्यास निवर्तले.

डॉक्टर लागूंच्या मागें शिक्षण आणि सुस्थिति होती, असें कोणी म्हणेल. तर मग सातारा जिल्ह्यांतील वेळेकामथी गांवच्या एका शेतकऱ्याच्या मुलाचें उदाहरण घेऊं. सयाजी शिंदे यांचा जन्म १९५९ चा. मराठी विषय घेऊन ते पदवीधर झाले. तरुणपणीं त्यांनीं पाटबंधारे खात्यांत पहारेकऱ्याची नोकरी केली आणि ती करीत असतांनाच त्यांना साताऱ्यांत एकांकिकांचा छंद लागला. पहारेकऱ्याच्या कामांत हात गुंतत असतील, पण मन मोकळें राहतें. नाटकाचें पाठांतर करणाऱ्यास याहून अधिक काय हवें? मुंबईंत आल्यावर 'झुलवा' या नाटकानें त्यांचें नांव झालें. देवीच्या नांवें सोडलेल्या स्त्रियांच्या जिण्यावरचें हें नाटक उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून झालेलें, आणि तुपे हेही सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांतलेच. पुन्हां तोच प्रकार: नट येथला आणि त्याच्या मुखांतली वेदनाही येथलीच.

नंतर मराठी चित्रपट आले. आणि १९९९ मध्यें 'शूल' या हिंदी चित्रपटांत ते बच्चू यादव या बिहारी पुढाऱ्याच्या भूमिकेंत दिसले. त्या वेळीं त्यांचें वय चाळिशीला टेकलें होतें. साताऱ्याच्या खेड्यांतला माणूस बिहारच्या राजकारणांतला गुंड म्हणून देशाला खरा वाटला, यांतलें यश नीट समजून घेतलें पाहिजे. गांवचा पुढारी, त्याची बैठक, त्याचें हंसतां हंसतां धमकावणें, हें सर्व खेड्यांत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांखालून गेलेलें असतें. बदलावयाची असते ती बोली. मास्टर विठ्ठलांना १९३१ मध्यें जें जमलें नाहीं, तें सत्तरएक वर्षांनीं या नटानें साधलें. पुढच्याच वर्षीं, २००० सालीं, तमिळ कवि सुब्रह्मण्य भारती यांच्या जीवनावरील 'भारती' या तमिळ चित्रपटांत त्यांनीं खुद्द कवीची भूमिका केली. नंतर दक्षिणेच्या चित्रपटांनीं त्यांना खलनायक म्हणून डोक्यावर घेतलें. एका प्रदेशानें त्यांच्यांत कवि पाहिला, दुसऱ्यानें दुष्ट पुढारी पाहिला. दोन्ही एकाच माणसाच्या अंगीं होते. अलीकडे 'सह्याद्री देवराई' या उपक्रमांतून तेच सयाजीराव माळरानांवर वड, पिंपळ आणि लिंब लावीत असतात. पाटबंधाऱ्याचा जुना पहारेकरी आतां झाडांचा पहारा करतो आहे.

श्रोतेहो, या सर्व हकीकतींतून कांहीं गोष्टी आपोआप वर येतात. पहिली ही, कीं कृष्णाकाठाहून हिंदी पडद्याकडे जाणारी वाट थेट मुंबईच्या गाडीनें जात नाहीं; ती मराठी रंगभूमीवरून वळसा घेऊन जाते. हा वळसा डॉक्टर लागूंच्या आयुष्यांत वीस वर्षांचा झाला आणि सयाजीरावांच्याही आयुष्यांत तितकाच लांबला. दुसरी ही, कीं हिंदी ही पाठ करून येणारी गोष्ट नाहीं. ती कानानें साठवावी लागते. तिसरी ही, कीं जोंवर कला पोट भरीत नाहीं तोंवर पोट भरणारें कांहीं तरी हाताशीं असावें, आणि त्याची लाज नसावी. शल्यविशारदाची पेटी काय किंवा पहारेकऱ्याची काठी काय, दोहोंनीं आपापल्या नटाला वाट पाहण्याचें बळ दिलें. बळवंत मंडळीपाशीं गुण कमी नव्हता; वाट पाहण्यासाठीं लागणारें भांडवल तेवढें नव्हतें.

परंतु येथें मला एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. इतिहास पोहोंचलेल्यांचीं नांवें जपतो. भाव्यांच्या गाड्यांबरोबर चाललेले पुष्कळ नट, बळवंत मंडळी मोडल्यावर घरीं परतलेले गायक आणि पडदेवाले, रात्रीच्या गाडीनें गेलेलीं आणि कांहीं वर्षांनीं मुकाट्यानें परत आलेलीं मुलें, यांच्या नांवांचीं पुस्तकें नाहींत. त्यांतील कित्येकांच्या अंगीं गुण नव्हता असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. तेव्हां दोन यशस्वी चरित्रें पाहून, 'कष्ट केले कीं फळ येतेंच' असा सिद्धांत बांधणें हें त्या अनामिकांवर अन्याय करण्यासारखें होईल.

मग त्या तरुणाच्या वडिलांना काय सांगावें? मला वाटतें, त्यांनीं मुलास एवढेंच विचारावें: 'तुला पडदा मिळाला नाहीं तरी तूं नाटक करशील का?' याचें उत्तर मनापासून 'होय' असें आलें तर त्याला जाऊं द्यावें. कारण तो परत आला तरी रिकाम्या हातानें येणार नाहीं. उत्तर देतांना तो अडखळला, तर सांगलीची किंवा साताऱ्याची एखादी हौशी मंडळी गांठून त्यानें आणखी दोन वर्षें तालीम करावी. गाडी काय, रोजच रात्रीं सुटते.